आक्काने राघू पुसला

माझ्या थोरल्या जाऊने मला फसवलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागले तरी कोणाचा गैरसमज व्हायला नको. मी नवी नवरी होते तेव्हा गावच्या जत्रेत तिने स्वतःच्या हातावर राघू गोंदवून घेतला आणि माझ्या हातावर मैना. दोघी शेजारी बसलो की राघू मैनेकडे बघायचा आणि मैना राघूकडे. हा आमचा सौदा होता आणि तो मरेपर्यंतचा होता, कारण गोंदण काही परत करायच्या बोलीवर कोणी घेत नाही. आणि आता, साठी जवळ आल्यावर, ही बाई मला न सांगता, न विचारता दवाखान्यात जाऊन मशीनने तो राघू पुसून घेते आहे. माझी मैना आहे तिथेच बसली आहे, वाट बघत. सुरतच्या कापड बाजारात माझं आयुष्य गेलं. पहिल्या धुण्यात रंग सोडणारी साडी पक्क्या रंगाची म्हणून विकणारे, वरची घडी कोरी आणि आतली डागाची असा गठ्ठा बांधणारे, चहा पाजून भाव चढवणारे, सगळ्यांना मी पुरून उरले. मला कोणी फसवू शकलं नाही. फसवलं ते हिने. आणि आता आम्ही राहतो त्या अख्ख्या गोडादऱ्यात विचारा, लोक सांगतील की हिच्याइतकी सरळ बाई शोधून सापडायची नाही.

मी तिला आक्का म्हणते. आम्ही अमळनेरकडच्या. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही लूमवर कामाला लागले आणि आम्ही दोघी आधी सुरतेतल्या बमरोलीत एका खोलीत येऊन पडलो. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करत होते. पण एक खोली आणि एक नळ यांच्यात अहो-जाहो फार दिवस टिकत नाही. ती मला धाकली म्हणते, अजूनही, माझं स्वतःचं दुकान झालं, मला सून आली, बाजारातले दलाल मला बघून खुर्ची सोडतात, तरीही. मी आधी साड्यांना फॉल लावून दिले, मग गठ्ठा घेऊन दारोदार फिरले, मग दुकान टाकलं. तेवढ्या काळात घरात तिची पोरं आणि माझी पोरं आक्काने एकाच ताटात वाढवली. त्यामुळे माझ्या मोठ्या मुलाला लहानपणी आई कोणती हे नीट सांगता येत नव्हतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार राघूची आहे.

आक्काचा विक्षिप्तपणा असा की तिला माणसाचा चेहरा दिसतच नाही, कातडी दिसते. तुम्ही तिला भेटलात तर ती तुमचं नाव विसरेल, गाव विसरेल, पण तुमचं कोपर विसरणार नाही. "ती नाही का व, जिच्या टाचांना भेगा आहेत आणि मान गोरी आहे," असा ती नातेवाइकांचा उल्लेख करते आणि सगळ्यांना तो कळतो. नमस्कार करायला हात पुढे केलात की ती तो हात धरून ठेवते, पंजावरची कातडी दोन बोटांत उचलते, सोडते आणि डोळे बारीक करून ती जागेवर बसायला किती वेळ लावते ते बघते. मग निकाल देते. "पाणी पीत नाहीस." "चाळिशी लपवतेस." एकदा सिटी बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी गुजराती बाईला तिने असाच चिमटा काढला. मला वाटलं आता बस थांबवून पोलीस बोलावतात. तर ती बाई उतरायच्या आधी आपली दुसरी बाही वर करून दाखवत होती आणि आपला थांबा मागे गेल्याचं तिला भान नव्हतं.

माझ्या कपाळावरच्या सगळ्या सुरकुत्यांचा उगम तिला पाठ आहे. "ही आडवी आहे ना, ही दलालाची," ती माझ्या सुनेला माझं कपाळ दाखवून सांगते, जसं काही मी खोलीत नाहीच. "ही दुकानाच्या भाड्याच्या भांडणाची. आणि ही भुवयांच्या मधली उभी, ही तुझ्या सासऱ्याची." मी म्हटलं, आक्का, माणसाने म्हातारं व्हायचं नाही का? तर म्हणते, "हो की. पण तू ओरडून होतेस, मी हसून होते. माझ्या बघ, डोळ्यांच्या कडेला आहेत." खरंच तिच्या तशाच आहेत, पंख्याच्या पात्यांसारख्या. हे बघून मला आणखी राग आला आणि तिने लगेच माझ्या कपाळावर बोट ठेवून सुनेला सांगितलं, "बघ बघ, आत्ता पडतेय."

माझ्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाची गोष्ट तर मी अजून पचवू शकले नाही. मी पूर्ण तयारीने गेले होते. मानपान, कापडचोपड, जेवणावळ, कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं, सगळं मनात ठरलेलं. मुलीच्या आईने पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि मी घसा साफ करते तोच आक्काने त्या बाईंचा हात धरला आणि विचारलं, "तुम्हाला अंग खाजतं का हो? पाठ? पोटऱ्या?" त्या बाईंचा चेहरा असा झाला की जणू कोणी कित्येक वर्षांनी विचारपूस केली. "अहो, झोप नाही लागत! घरात सांगितलं तर म्हणतात, मनाचे खेळ." झालं. दोघी स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर पुरुष मंडळी राजकारणावर बोलत बसली आणि मी पोहे खात बसले. आतून येताना दोघी गळ्यात गळा घालूनच आल्या आणि आक्का म्हणाली, "आपलं ठरलं." काय ठरलं? माझा एकही मुद्दा मांडून झाला नव्हता! माझा भाव तिथेच पडला. त्या विहीणबाई आजही सणाला फोन करतात तो आक्काला, आणि मग विचारतात, "त्या आहेत का घरी, ओरडणाऱ्या?"

आक्का मुळात फार हुशार होती असं मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीला तिचं ज्ञान म्हणजे एरंडेल, तुरटी आणि बेसन. भजनी मंडळाच्या बायकांना तिने एकदा लिंबू चोळायला लावलं आणि पुढचा आठवडा मंडळाने तोंडं पदरात झाकून भजन केलं. ती सुधारली ती माझ्यामुळे. झालं असं की पाळी गेल्यानंतर माझा चेहरा कोरडा पडायला लागला, ओढल्यासारखा वाटायचा. रिंग रोडच्या फुटपाथवर एक जण गोरं करणारं क्रीम विकत होता. मी त्याला इतकं घासलं की शेवटी त्याने वैतागून दुसरी ट्यूब फुकट दिली. मी खूष. थोड्याच दिवसांत गालांना आग लागली, साल निघायला लागली. आक्काने मला बघितलं आणि म्हणाली, "घासाघीस करून जळकं तोंड घरी आणलंस व!" आणि हाताला धरून मला कतारगामच्या एका डॉक्टरणीकडे घेऊन गेली.

डॉक्टरीण गुजराती, वयाने तरुण, बोलायला गोड. तिने माझा गाल बघितला, हात बघितला आणि मान हलवून म्हणाली, "बेन, तमारी चामडी बहु पातळी थई गई छे." मी खुर्चीवरून उठले. "चामडी? चामडी कोणाला म्हणतेस ग? मी काय म्हैस आहे?" मी एवढी वर्षं सुरतेत राहून बाजाराची गुजराती शिकले, भावाची, मापाची, शिव्यांची. पण अंगाबद्दल बोलायची गुजराती बाजारात कोण शिकवतो? त्यांच्यात चामडी म्हणजे साधी कातडी, आमच्याकडे चामडी फक्त लोळवतात. बाहेर बाकावरच्या बायका आत डोकवायला लागल्या. डॉक्टरीण घाबरून नर्सकडे बघायला लागली. आक्का मात्र इतकी हसली की तिला बोलता येईना. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टरबेन, बुरा मत मानो. हमारे में चामडी मार खाने की चीज है." मग डॉक्टरीणही हसली आणि मला बसावं लागलं.

ती मुलगी शहाणी होती, हे मी मान्य करते. तिने समजावून सांगितलं की या वयात बाईच्या अंगातलं तेल आपोआप कमी होतं, कातडी पातळ होते, ओल धरून ठेवत नाही, म्हणून खाज, म्हणून जखम भरायला वेळ. फुकटच्या क्रीममध्ये काय असतं कोणी सांगू शकत नाही, ते बंद. कडकडीत पाणी बंद. साबण लागेल तिथेच. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं, वासाचं नसलेलं क्रीम. उन्हात जायचं तर उन्हाचं क्रीम आणि छत्री. आणि आक्का जिथे तिथे चिमटे काढते हे मी तक्रार म्हणून सांगितल्यावर ती म्हणाली की वय झालं की कातडी सैल पडतेच, त्यावरून पाणी कमी की जास्त ते ठरत नाही. आक्काने हे सगळं असं ऐकलं जसं कोणी कथा ऐकतं. तुरटी, लिंबू, एरंडेल यांना तिने त्याच दिवशी, लाज न बाळगता, सोडून दिलं. चिमटा सोडला नाही. "तो ओळखीसाठी असतो," म्हणाली.

तेव्हापासून गोडादऱ्यात तिचं राज्य सुरू झालं. "घासायचं ते भांडं, अंग नव्हे." "पुसू नको, टीप." कोणाचा तीळ वाढला, रंग बदलला, की ती पोलिसासारखी मागे लागते आणि डॉक्टरकडे पोचवूनच थांबते. माझ्या दुकानात आली की मी तिला गिऱ्हाइकांपासून लांब, कोपऱ्यात बसवते. एकदा एक शिक्षिकाबाई जॉर्जेटची साडी घेत होत्या. मी घडी मोडून त्यांच्या खांद्यावर टाकली, सौदा जवळजवळ झालाच होता, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"ताई, मान खाजते ना?"

"हो ना, तुम्हाला कसं कळलं?"

"मग हे जॉर्जेट अंगाला नको लावू. आणि ऊन पदराने अडतं असं वाटत असेल, तर ह्या पदरातून पलीकडचं सगळं दिसतंय, ऊन काय थांबणार?"

बाई साडी ठेवून गेल्या. मी म्हटलं, "आक्का, तू घरी जा." तर डोळे मोठे करून म्हणते, "कसाले व? मी काय खोटं बोली ऱ्हायनी?" खोटं बोलत नव्हती हेच तर दुखणं होतं. शेवटी मला दुकानात सुती परकर आणि सुती ब्लाउजपीस ठेवावे लागले. ते बरे खपतात. पण हे मी तिला सांगितलेलं नाही.

एक प्रसंग मात्र मी हसून सांगू शकत नाही. आमच्या गल्लीतली एक बाई अचानक विधवा झाली. आम्ही सगळ्या जाऊन बसलो होतो. ती पदराने डोळे पुसायची, पुन्हा रडायची, पुन्हा पुसायची. गाल लाल होऊन सोलल्यासारखे झाले होते. आक्का उठली, कमरेच्या पिशवीतून व्हॅसलीनची छोटी डबी काढली आणि तिच्यासमोर बसून बोटाने तिच्या गालाला लावायला लागली. "रड. पण खरखरीत पदराने नको पुसू. माझा मऊ रुमाल घे, टीप." एक म्हातारी कुजबुजली, अशा वेळी काय हे नटवणं. आक्काने तिच्याकडे बघितलंही नाही. आणि त्या बाईने, सकाळपासून जिला कोणी हात लावला तरी ती अंग चोरत होती, तिने आपला गाल आक्काच्या तळव्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

अशी ही बाई. आणि तिनेच मला फसवलं.

त्या जत्रेचं सांगायला हवं. सासूबाईंचं म्हणणं, बाई वर जाते तेव्हा सोनंनाणं इथेच राहतं, फक्त गोंदण सोबत जातं. म्हणून मला गोंदवायला बसवलं. गोंदणारीण सुया मांडायला लागली आणि मी असा गळा काढला की जत्रेतले लोक गोळा झाले. आक्का माझ्या आधी सासरी आली होती, पण तिचं गोंदायचं काही ना काही कारणाने राहून गेलं होतं. ती गर्दीतून पुढे आली, मांडी घातली, बाही वर केली आणि म्हणाली, "आधी माझं काढ. राघू काढ. मग हिची मैना." एकदाही हाय केलं नाही. मला लाज वाटली आणि मी गप्प हात दिला. बमरोलीच्या खोलीत भाकरी थापताना आमचे हात शेजारी असायचे आणि ती म्हणायची, "बघ, काय बोलतायत."

यंदा उन्हाळ्यात ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून फिरायला लागली. सुरतच्या उन्हाळ्यात! मी म्हटलं, घामाने मरशील. म्हणाली, डॉक्टरने ऊन टाळायला सांगितलंय. मला संशय आला. बाजारात जो माणूस गठ्ठ्याची वरची घडी उलगडू देत नाही, त्याच्या आत डाग असतो. मी तिचा हात धरला आणि बाही सारली. राघूची चोच नव्हती. शेपटी फिकी झाली होती. जिथे मान होती तिथे पांढुरकी, गुळगुळीत कातडी होती.

"हे काय?"

"फुगून कावळा झाला होता व त्याचा. कातडी सुटली, शाई पसरली. मशीनने काढतात आता."

"कावळा तर कावळा! माझा होता तो!"

"मना हात शे, धाकले," ती शांतपणे म्हणाली. म्हणजे, माझा हात आहे.

पुढचे काही दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग तिची दवाखान्यात जायची वेळ होती तेव्हा मी तिच्या मागोमाग दुसऱ्या रिक्षाने गेले, डॉक्टरणीला जाब विचारायला. आत आक्का होती आणि बाहेर टेबलावर एक चटपटीत मुलगी. मी आक्काचं नाव घेऊन टेबलावर हात आपटला तशी तिची नजर माझ्या मैनेवर गेली. "मासी, तमारुं पण छे? बेउनुं साथे करावो तो ओछुं करी आपीशुं." दोघींचं एकदम केलं तर भाव कमी. आणि मी, जी भांडायला गेले होते, मी विचारलं, "किती कमी?" तिने सांगितलं. मी म्हटलं, एवढ्यात तर आमच्याकडे अख्खं अंग गोंदून देतात. ती उतरली. मी उठून दाराकडे गेले. ती आणखी उतरली. मी परत येऊन म्हटलं, वरचं क्रीम फुकट पाहिजे. ती आत विचारून आली आणि हो म्हणाली. तिने पेन हातात दिलं तेव्हा मला कळलं की मी माझ्या मैनेचा सौदा पक्का केला होता. आणि पेन टाकून मी तिच्यावरच ओरडले, बिचारीचा काही दोष नसताना.

आवाज ऐकून आक्का बाहेर आली. हाताला पांढरी पट्टी. बाकावर माझ्याशेजारी बसली. मी म्हटलं, "का? खरं सांग. कावळ्याचं सांगू नको."

तिने पट्टीची सुटलेली कड दाबून बसवली. मग म्हणाली, "मला तो कधीच नको होता व. मला गोंदणाची भीती वाटायची, म्हणून दर वेळी मी काही ना काही कारण काढून सुटायचे. त्या दिवशी तू रडत होतीस, म्हणून बसले." आणि मग म्हणाली, "सगळ्यांच्या अंगाचं बघते मी. एकदा वाटलं, माझा हात बघावा. माहेरून आणला होता तसा."

बाहेर ऊन होतं. मी छत्री उघडली आणि तिच्या पट्टीच्या बाजूने धरली. रिक्षावाल्याने भाव सांगितला आणि मी तो मुकाट्याने मान्य केला, हे बघून आक्का घाबरली. "ताप आलाय का तुला?"

डॉक्टरीण म्हणते, या वयात जखम सावकाश भरते, म्हणून दोन खेपांच्या मध्ये काही महिने जाऊ द्यायचे. अजून पंख बाकी आहे आणि डोळा बाकी आहे. दुपारी ती दुकानात येते, बाही सारते, आणि मी क्रीम लावून देते. तिला स्वतः लावता येतं, पण मी लावते. तिथली कातडी नव्या पोरीसारखी मऊ आहे आणि आजूबाजूची आमच्या वयाची. ती त्या जागेकडे बघत बसते, गिऱ्हाईक आलं तरी तिला कळत नाही.

तिचा हात तिचा आहे, हे मी मान्य केलं. राघू जाऊ दे. पण आक्का, एक गोष्ट मी सोडणार नाही. नको होता तो राघू, भीती वाटत होती त्याची, आणि तरी एवढी वर्षं माझ्याशेजारी भाकरी थापताना "बघ, काय बोलतायत" म्हणत राहिलीस. एकदा तरी मला सांगायचंस. का नाही सांगितलंस? मला उत्तर पाहिजे.